यंदा नको, घरी बारावी आहे

या दिवाळी अंकासाठी लेखकांना फोन करायला जानेवारीत सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात जे उत्तर ऐकलं, त्याने वर्षभर पाठ सोडली नाही. "यंदा नको हो, घरी बारावी आहे." कादंबरीकार, बँकेतले कवी, एरवी मुदतीआधी मजकूर पाठवणाऱ्या प्राध्यापक बाई, सगळ्यांचं कारण एकच. मे उलटला की सुटका होईल म्हटलं, तर तोवर पुढच्या बारावीवाल्यांची पाळी आली. कळस म्हणजे एका जुन्या वर्गणीदारांनी अंकच थांबवला. घरात दिसला की मुलगी वाचत बसते, म्हणून! आमच्या अंकाची इतकी थोर प्रशंसा आजवर कुणी केली नसेल. तरी राग यायचा तो आलाच. त्यांचा अंक यंदाही पाठवला आहे, फक्त पाकिटावर मुलीचं नाव घातलं आहे.

राग मुलांवर नाही. घराला आतून कडी घालण्याच्या या रीतीवर आहे. दहावीचा निकाल लागला की केबल काढायची, पाच दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणायचा, भाचीच्या लग्नाला आईने एकटीने जाऊन अक्षता टाकून परतायचं, आजीला "सध्या" धाकट्या काकांकडे ठेवायचं. सुतकाला निदान दिवस ठरलेले असतात. हे दोन वर्षं चालतं, आणि पोराने ड्रॉप घेतला तर तिसरंही.

आईबाप असं का वागतात ते कळतं. 2025 चंच पाहा. 4 मेला नीट, 5 मेला बारावीचा निकाल, आणि त्याच 5 मेला सीईटीची फेरपरीक्षा, कारण 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या 21 प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. चूक पेपर काढणाऱ्यांची आणि पुन्हा बसायचं पोरांनी. 2024 ची नीट तर कुणी विसरलेलं नाही : आधी 67 जणांना 720 पैकी 720, मग 1563 जणांचे वाढीव गुण मागे, मग फेरपरीक्षा, मग सर्वोच्च न्यायालय. बोर्डाचे गुण इंजिनीअरिंगला आता 45 टक्क्यांच्या, राखीव वर्गाला 40 च्या, उंबरठ्यापुरतेच उरलेत. म्हणून कॉलेजात नाव घालायचं, तिथे प्रॅक्टिकलपुरतं फिरकायचं, दिवसभर क्लासात बसायचं आणि याला 'इंटिग्रेटेड' म्हणून लाखांत फी भरायची. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासांनी घेऊ नये, असं केंद्राने जानेवारी 2024 मध्ये सांगितलं. आठवीच्या फाउंडेशन बॅचच्या पाट्या आहेत तिथेच आहेत. अशा कारभारात आईबापांच्या हाती काहीच राहत नाही. मग जे हाताशी असतं ते बंद होतं.

वाईट याचं की बंद केलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागे राहतो. "तुझ्यासाठी दोन वर्षं आम्ही एक पिक्चर पाहिला नाही" हे वाक्य नेमकं पर्सेंटाइल हाती आल्याच्या संध्याकाळी बाहेर पडतं. सतरा वर्षांच्या पोराने ते कुठे ठेवायचं? सराव परीक्षेतल्या गुणांवरून बापाने केलेल्या मारहाणीत मुलगी गेल्याची बातमी जून 2025 मध्ये आपण सगळ्यांनी वाचली, आणि ते घर वेगळं असेल म्हणून पान उलटलं. मला ते घर तितकंसं वेगळं वाटत नाही. 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर आहे.

मग आईबापांनी हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. एका मित्राकडे जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकची निळी फाइल पाहिली. डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणीच्या अर्जाची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडला म्हणून त्याने तहसीलला खेपा घातल्या होत्या. रात्रीचे अकरा वाजलेले, बाप मागच्या वर्षीचे कटऑफ एक्सेलमध्ये उतरवतोय आणि मुलगा आत गाढ झोपलाय. चित्र असंच हवं! कागदपत्रांची वणवण हे आईबापांचंच काम, आणि ते दिवाळीच्या आसपासच उरकायला हवं, जूनमध्ये सर्व्हर बसल्यावर नव्हे. इंजिनीअरिंगच्या पसंतीक्रमाचा नियमही 2025 मध्ये बदलला : पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच घ्यायचं, दुसरीत पहिल्या तिनांतलं, तिसरीत पहिल्या सहांतलं. हे समजून घेऊन मुलाशेजारी बसून यादी करायला एखादा रविवार पुरतो. त्यासाठी आजीला घराबाहेर काढावं लागत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाडा पाण्याखाली गेला. त्या पाण्यात अशा किती फायली भिजल्या असतील, याची आठवण प्रवेशाच्या तारखा ठरवणाऱ्यांनी ठेवावी.

यंदाच्या अंकाचा विषय 'पाहुणा' आहे. तो गेल्या दिवाळीतच ठरला होता, तेव्हा बारावीशी त्याचा सांधा मी आत्ता बसवतोय हे आमचे वाचक ओळखतीलच. ओळखा खुशाल. पण कडी घातलेल्या घरात त्या पोराला दिवसभर दोनच चेहरे दिसतात, आणि दोन्ही काळजीने ओढलेले. जेईई म्हणजे काय हे ठाऊक नसलेला, भाताचं यंदा काय झालं ते तासभर सांगणारा, मोठ्याने घोरणारा गावाकडचा मामा त्या घरात चार दिवस राहून गेला, तर पोराचा एक धडा मागे पडेल, पण चार रात्री त्याला जेवताना मार्कांखेरीज काहीतरी ऐकायला मिळेल.

तेव्हा पाडव्याला किंवा भाऊबीजेला ज्यांच्याकडे बारावी आहे त्यांच्याकडे जाच. "येऊ का?" असं आधी फोनवर विचारू नका, नाही म्हणतील. "अभ्यास कसा चाललाय?" हेही विचारू नका. फराळ करा, आजी कुठे आहे ते विचारा आणि पोराला चौकापर्यंत सोडायला घेऊन निघा.