झांकलेलें यंत्र

विश्वशक्तीचा अक्षय झरा आपणांस सांपडल्याची द्वाही फिरविणारे हौशी संशोधक अद्यापि पिकतच आहेत. आणि पुरावा मागितला कीं 'गॅलिलिओचीहि थट्टाच झाली होती' हें त्यांचें उत्तर ठरलेलें! पण गॅलिलिओनें दुर्बीण झांकून ठेवली नाहीं. दुर्बिणी करून त्यानें दूरदूरच्या दरबारीं पाठविल्या.

हौशीपणाचा आम्हांस तिटकारा नाहीं. मँचेस्टरचा जूल हा बिअर गाळणाऱ्याचा मुलगा, प्राध्यापक तो कधींच नव्हता. तथापि १८४५ मध्यें पाणी घुसळून कार्य व उष्णता यांचें प्रमाण त्यानें आंकड्यांनिशीं मांडलें, तें कोणींहि पडताळावें म्हणूनच.

उलट फिलाडेल्फियाचा जॉन कीली पाहा. ईथरच्या शक्तीवर एंजिन चालवितों, असें सांगून त्यानें सुमारें पाव शतक भागीदारांस झुलविलें. विकण्याजोगें एकहि यंत्र दिलें नाहीं, कीं आंतलें रहस्य उकललें नाहीं. १८९८ सालीं तो वारला. मग त्याच्या प्रयोगशाळेची जमीन उकरली, तों खालीं भला थोरला पोलादी गोळा, आणि जागोजाग लपविलेल्या नळ्या! ईथर कसला, ती दाबलेली हवा, असाच तपासणारांचा निर्णय झाला.

आजच्या कल्पकांनीं आम्हांस यंत्राखालची जमीन दाखवावी. आणि ती भाग विकण्यापूर्वीं दाखवावी.