शेजारची सीट कोणाला?

कुर्ला स्टेशनबाहेर वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांची रांग असते. मागे तिघे बसले की रिक्षा निघते. अनेक वर्षं मी तिथून ये-जा केली. सुट्ट्या पैशांवरून वाद झाले, पावसात अर्धं अंग भिजलं; पण शेजारी बसणाऱ्याने नाव विचारून जागा नाकारली, असं कधी झालं नाही.

मोबाइलवरून दुसऱ्याच्या खासगी गाडीत जागा घ्यायची आणि पेट्रोलचा खर्च वाटून घ्यायचा, हा प्रकार पुणे-मुंबई मार्गावर आता सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्याने पैसे वाचतात, रस्त्यावरची एखादी गाडी कमी होते. हा पर्याय कोण निवडतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : तरुण, सुशिक्षित, पर्यावरणाचं भान असलेले लोक. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. कारण इथे निवड एकट्या प्रवाशाची नसते. गाडीवाल्यानेही त्याला निवडावं लागतं.

मागे एकदा पुण्याहून निघताना मी तीन गाड्यांना विनंती पाठवली. तिन्हींत जागा रिकामी दिसत होती, तिघांनीही नकार दिला. माझ्या मित्राने त्याच्या नावाने विचारलं, तर त्यातल्याच एकाने लगेच होकार दिला. नकार नावामुळेच होता, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तेव्हापासून विनंती पाठवताना बोट क्षणभर अडखळतं, हे खरं. असे अडखळलेले लोक शेवटी एसटीने जातात आणि ‘गाडी शेअर करणाऱ्यां’च्या मोजणीत कधी येतच नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत बोस्टन शहरात संशोधकांनी प्रत्यक्ष फेऱ्या मागवून पाहिल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांच्या प्रवाशांच्या फेऱ्या चालकांनी गोऱ्या वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत दुपटीहून अधिक वेळा रद्द केल्याचं आढळलं.

अनोळखी माणसाबद्दल सावध असू नये, असं माझं म्हणणं नाही. एकट्या बाईला फक्त महिलांसोबत प्रवास करायचा असेल, तर तो तिचा हक्क आहे. पण सावधगिरीला लागतं काय? ओळखपत्राची पडताळणी, आधीच्या सहप्रवाशांचे अभिप्राय, तक्रारीची सोय. यात आडनाव कुठे येतं? म्हणून माझी मागणी साधी आहे. जागा पक्की होईपर्यंत नाव आणि फोटो दिसू नये. पक्की झाल्यावर खुशाल दिसावं. आणि नाव पाहून ऐनवेळी कोणी नकार दिला, तर त्याची नोंद राहावी.

शेअर रिक्षावाला काही मोठा सुधारक नाही. त्याला तिसरी सीट भरायची असते, एवढंच. पण त्याच्या त्या घाईत आम्ही तिघे मांडीला मांडी लावून बसतो. नव्या सोयीने निदान तेवढं तरी टिकवावं.