कवच बसेल, ते राखणारे हात कोण घडवणार?

हापाहून मडगावला येणारी साप्ताहिक गाडी सुरत सोडल्यावर उधन्यापाठोपाठ भेस्तान स्थानक न थांबता ओलांडते. गोव्याच्या प्रवाशाने त्या नावाची दखल घ्यावी असे तिथे काही नाही. रेल्वेच्या सिग्नल विभागाच्या दृष्टीने मात्र हे ठिकाण नाजूक आहे. मुंबई-दिल्ली मुख्य मार्ग इथून जातो आणि खानदेशाकडे निघालेल्या काही गाड्या इथूनच ताप्ती मार्गाकडे वळतात. कोणत्या गाडीला कोणती वाट मिळावी, हे इंटरलॉकिंग ठरवते.

याच मुख्य मार्गावर ‘कवच’ बसवण्याचे काम सुरू आहे. त्याची ४.० ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली आणि वर्षभराने मथुरा-कोटा टप्प्यावर कार्यान्वित झाली. रुळांवरील टॅग इंजिनाला आपले स्थान सांगतात, स्थानकातील यंत्र रेडिओवरून सिग्नलची स्थिती कळवते आणि चालक चुकला तर ब्रेक आपोआप लागतो. परंतु सिग्नलची ती स्थिती येते इंटरलॉकिंगकडूनच. तिथेच वायर चुकीची जोडलेली असेल, तर कवच त्या खोट्यालाच खरे मानील.

ही शंका काल्पनिक नव्हे. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटमधील सदोष फेरबदल आढळले. वायरींवरील चुकीच्या खुणा तर कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

सिकंदराबादची ‘इरिसेट’ ही संस्था १९५७ पासून सिग्नल अभियंते घडवते आहे. कवचाचे प्रशिक्षण ३० हजारांहून अधिक जणांना दिल्याचे रेल्वेने २०२५ मध्ये सांगितले. १७ अभियांत्रिकी संस्थांशी करारही झाले. आकडा मोठा आहे, पण त्यात चालक किती आणि रात्री पावसात लोकेशन बॉक्स उघडणारे तंत्रज्ञ किती? युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशानुसार चालकाला परवान्याखेरीज विशिष्ट मार्ग व विशिष्ट गाडी यांचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे तीच शिस्त देखभाल करणाऱ्यालाही लावायला हवी: आवृत्ती बदलली की परीक्षा पुन्हा.

गोव्याला हा विषय परका नाही. १९९९ च्या गायसाळ अपघातानंतर कोकण रेल्वेनेच ‘रक्षा कवच’ नावाचे टक्करविरोधी उपकरण विकसित केले होते. उपग्रहावर विसंबणाऱ्या त्या यंत्राला शेजारशेजारचे रूळ नीट ओळखता येईनात, म्हणून ते मागे पडले. नाव तेवढे उरले. मडगावात बोगदा तंत्रज्ञानाची संस्था आहे, फर्मागुडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बोगदे खोदण्याचे शिक्षण इथे मिळते, मग बोगद्यातून गाडी सुखरूप नेणाऱ्या सिग्नलचे का मिळू नये, हे राज्य सरकारने रेल्वे मंडळाला विचारायला हरकत नाही.