संशोधनाची बाराखडी पहिल्या वर्षापासूनच

“संशोधन? ते एम.डी.ला गेल्यावर बघू. आधी पास तर हो!” मेडिकलला शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येते. बी.एस्सी.वाल्यांच्या घरीही सूर तोच, फक्त एम.डी.च्या जागी पीएच.डी. येते. पालकांचे अगदीच चुकते असे नाही. अभ्यासक्रम मोठा, परीक्षा मागे लागलेल्या, त्यात हे नवे खूळ कशाला, असे त्यांना वाटते. पण संशोधनासाठी खरोखर इतके थांबावे लागते का?

१८६९ साली स्वादुपिंडातील पेशींच्या बेटांचे वर्णन पॉल लँगरहान्स याने प्रथम केले. इन्सुलिन तयार होते ते याच बेटांत. तेव्हा तो बर्लिनमध्ये शिकणारा २१ वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी होता. अमेरिकेत १९१६ साली जे मॅक्लीन हा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी रक्त गोठवणाऱ्या पदार्थाचा अभ्यास करत होता. हाती लागले नेमके उलट, रक्त गोठू न देणारे द्रव्य. त्यातूनच पुढे हेपॅरिन हे औषध आले. दोघेही हुशार होतेच, पण दोघांनाही प्रयोगशाळेत हाताशी धरून काम देणारे गुरू भेटले होते.

प्रयोगशाळा जवळ, तरी दूर

याबाबतीत चंदिगडचे विद्यार्थी भाग्यवान म्हणायचे. सेक्टर १२ मध्ये १९६२ साली स्थापन झालेली पी.जी.आय., सेक्टर १४ मध्ये पंजाब विद्यापीठ, सेक्टर ३२ मध्ये १९९१ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेक्टर ३९ मध्ये १९८४ सालची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आणि शेजारच्या मोहालीत २००७ पासून आयसर. पंजाब विद्यापीठाच्या ऑनर्स स्कूल पद्धतीत तर बी.एस्सी.ची मुले थेट विद्यापीठाच्या विभागातच शिकतात. म्हणजे शिकवणारे प्राध्यापक स्वतः संशोधन करणारे असतात.

तरीही प्रयोगशाळा जवळ असणे वेगळे आणि आत जाऊन काय करायचे हे कळणे वेगळे. नेमकी इथेच मुले अडतात. त्यांना आवड नसते असे नाही, पद्धत माहीत नसते. आणि पद्धत शिकवता येते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी काही दिवसांचा कौशल्यवर्ग घेतला, तरी सुरुवात होऊ शकते.

तक्रारीचा प्रश्न कसा होतो?

अशा वर्गात काय शिकवायचे? एक साधे उदाहरण घेऊ. “आपल्या रुग्णालयात लोकांना फार ताटकळावे लागते,” ही झाली तक्रार. “नेत्रविभागात केसपेपर काढल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत किती मिनिटे लागतात?” हा झाला प्रश्न. मग पुढचे धडे. आधी कोणी असे मोजले आहे का, ते शोधायचे. समोर दिसेल त्याला न निवडता, समजा, दर दहावा रुग्ण घ्यायचा. त्याची संमती घ्यायची आणि त्याआधी नीतिसमितीची परवानगी. नोंद त्याच वेळी करायची, संध्याकाळी आठवून नाही. सरासरी काढायची आणि ती कुठे फसवते हेही समजून घ्यायचे. शेवटी जे दिसले तेच लिहायचे, मनासारखे नसले तरी.

या शिदोरीचा उपयोग लगेच होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ मध्ये एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थी संशोधनवृत्ती सुरू केली. आपल्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकाबरोबर दोन महिन्यांचे काम करायचे, अहवाल द्यायचा. पण त्यासाठी आधी प्रस्ताव लिहावा लागतो, आणि ज्याला प्रश्नच मांडता येत नाही तो तिथेच थांबतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन करता येते. तोवर हात कोरा राहिला, तर ते वर्षही चाचपडण्यातच जाईल. एम.डी.च्या प्रबंधाचेही तेच. अननुभवी विद्यार्थी मग जुने प्रबंध उतरवू लागतो, आणि त्याची किंमत अखेर रुग्णाला मोजावी लागते.

प्रयोगशाळाच नसेल तर?

लहान गावातल्या महाविद्यालयांनीही निराश व्हायचे कारण नाही. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये वैद्यकीय महाविद्यालयाची पहिल्या वर्षाची मुले खेड्यात शिबिरासाठी राहतात, घरोघरी जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची माहिती गोळा करतात. वही, पेन आणि विचारण्याची रीत, एवढ्यावर सुरुवात होते.

मात्र सावधही राहा. विद्यार्थ्याला नुसता कारकून करून आकडे भरायला लावणे म्हणजे संशोधन शिकवणे नव्हे. काम सुरू करण्यापूर्वीच, लेखावर कोणाकोणाचे नाव येणार हे मार्गदर्शकांना नम्रपणे विचारून घ्यावे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नये. अशा छापील कागदाने बायोडेटा जाड होतो, डोके नाही.

आणि पालकहो, सुट्टीत घरी न येता कॉलेजात थांबते, असे लेक म्हणाली, तर लगेच “मार्क वाढणार आहेत का?” असे विचारू नका. “प्रश्न कोणता घेतला आहेस?” असे विचारा. चार वाक्यांत तिने तो तुम्हाला समजावून सांगितला, तर तिचे शिक्षण योग्य मार्गावर आहे असे खुशाल समजा.