मुंबई–हाँगकाँग : अंतर एक, हिशेब दोन

हिऱ्यांच्या व्यवहारानिमित्त ज्यांच्या घरातून कोणी ना कोणी हाँगकाँगला जात असते, त्यांनाही तिकिटावरील वेळा प्रथम वाचताना कोडे पडते. समजा, मुंबईहून रात्री एक वाजता विमान निघाले आणि सकाळी नऊला तेथे पोहोचले. म्हणजे आठ तास. परतताना सायंकाळी सातला निघालेले विमान रात्री पावणेअकराला मुंबईत. म्हणजे पावणेचार तास. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जाण्यास सुमारे साडेपाच तास लागतात, येण्यास सव्वासहा.

तिकिटावरील वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, आणि हाँगकाँगचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. जाताना हे तास मिळवले जातात, येताना वजा होतात.

दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ४,२७० किलोमीटर. जाता-येता ते तेवढेच. मग परतीला पाऊण तास अधिक का? कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटतात, येणाऱ्याला समोरून अडवतात. पावसाळ्यात हा झोत हिमालयापलीकडे उत्तरेस सरकतो आणि हा फरक पुष्कळसा मिटतो.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी मात्र घड्याळापेक्षा सूर्य महत्त्वाचा, आणि खरी दक्षता येथेच हवी. हाँगकाँग मुंबईच्या ४१ अंश पूर्वेस आहे. दर अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने तेथे सूर्य आपल्या सुमारे पावणेतीन तास आधी मावळतो. शिवाय विमानही अंधाराच्याच दिशेने धावत असते. डिसेंबरात सकाळी अकराला मुंबईहून निघालात, तर मनगटावरील मुंबईच्या घड्याळात चार वाजण्याच्या सुमारासच खिडकीबाहेर सूर्य बुडालेला दिसेल! घरी साडेपाचला जेवणाऱ्या आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवावे. दुपारचे भोजन हेच त्या दिवसाचे अखेरचे समजावे आणि पाणीही तेव्हाच घ्यावे. जैन भोजनाची मागणी निदान एक दिवस आधी नोंदवावी, हे वेगळे सांगायला नको. परतीच्या दुपारच्या विमानात सूर्य जणू रेंगाळतो; त्या दिवशी उपवास असेल, तर तो पावणेतीन तासांनी लांबतो.

व्यापाऱ्याने वेळ दारापासून दारापर्यंत मोजावा. घरून विमानतळ एक तास, उड्डाणापूर्वीचे तीन, प्रवास साडेपाच, तेथील तपासणी व सामान एक तास, आणि लांताउ बेटालगतच्या विमानतळावरून एअरपोर्ट एक्सप्रेसने सेंट्रलपर्यंत सुमारे २४ मिनिटे. एकूण अकरा तास झाले. प्रदर्शनासाठी जाणाऱ्यांना थोडी सवलत आहे : एशियावर्ल्ड-एक्स्पो विमानतळालगतच असल्याने मुक्काम त्याच बाजूस घेतला, तर रोजचे जाणे-येणे वाचते.

रात्रीच्या विमानाने जाऊन त्याच सकाळी अकराची भेट ठरवणारे पुष्कळ आहेत. त्या वेळी शरीराच्या घड्याळात साडेआठच वाजलेले असतात आणि झोप जेमतेम चार तासांची झालेली असते. अशा डोळ्यांनी हिरे पारखू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिली भेट दुपारी तीननंतर ठेवावी. त्यात माल पाहून घ्यावा आणि भाव दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावा.