वेगळी चूल आणि तिचे दप्तर

नागपुराहून वर्धा मार्गाने दक्षिणेस जाणाऱ्या प्रवाशाला बुटीबोरीची औद्योगिक वसाहत ठाऊक असते ती पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी, टायरसाठी आणि तिच्या विस्तारासाठी. परंतु फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मालट्रकमागे वजनकाट्याची पावती, हजेरीपट, करविवरण आणि निविदा यांचा जो लेखी प्रपंच चालतो, तो ज्या संगणकांवर उभा आहे त्यांच्याकडे कारखानदाराची दृष्टी ते बंद पडेपर्यंत सहसा वळत नाही, आणि मग कॉम्प्युटरवाल्या पोराला फोन लागतो.

त्या पोराच्या वाट्याला येणारी तक्रार बहुधा एकाच जातीची असते. निविदेच्या कामास जावाची एक आवृत्ती लागते, हजेरीचा जुना प्रोग्रॅम दुसरीवर अडून बसतो, आणि एकीची सोय केली की दुसरे काम मोडते. त्यात काळ कोणासाठी थांबत नाही: क्रोमने २०१५ साली जावाचा जुना प्लगइन चालविणे बंद केले, इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मुदतही संपली.

या भांडणावर ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन हा उपाय सांगितला जातो, व तो खोटा नाही. एकाच वाड्यात राहून दोघा भावांनी चूल तेवढी वेगळी मांडावी, तशी ही व्यवस्था आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ साली सॉफ्ट्रिसिटी ही कंपनी विकत घेतली. अशी व्यवस्था करणाऱ्या तिच्या सॉफ्टग्रिड या प्रणालीचेच पुढे ॲप-व्ही झाले. त्यातील सीक्वेन्सर हा घटक, कोऱ्या संगणकावर प्रोग्रॅम चढविला जात असता तो कोणत्या फायली कोठे ठेवतो आणि रजिस्ट्रीत काय लिहितो, याची बारकाईने नोंद घेऊन त्या सर्वांचे एक पॅकेज बांधतो. पुढे कारकुनाच्या संगणकावर ते चालू झाले म्हणजे प्रोग्रॅमला आपण रीतसर स्थापित झालो आहोत असे वाटते, परंतु शेजारच्या प्रोग्रॅमच्या फायलींना त्याचा स्पर्श होत नाही.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु विक्रेता ज्या गोष्टी हळू आवाजात सांगतो त्या अशा, की ड्रायव्हर या पॅकेजात बसत नाही. म्हणून वजनकाट्याची तार ज्या यूएसबी जोडणीतून येते तिचा ड्रायव्हर, अथवा परवान्याच्या डोंगलचा ड्रायव्हर, प्रत्येक यंत्रावर पूर्वीप्रमाणेच चढवावा लागतो. ॲप-व्हीचा क्लायंट विंडोजच्या एंटरप्राइझ व एज्युकेशन आवृत्त्यांतच मिळतो, प्रो आवृत्तीत नाही. तेव्हा पाच संगणकांच्या लहान कारखानदाराने या भानगडीत न पडता एक जुने यंत्र जाळ्यापासून तोडून त्या हट्टी प्रोग्रॅमसाठी राखून ठेवावे, हेच माझ्या मते शहाणपणाचे. शिवाय पॅकेजात बांधलेली जुनी जावा जुनीच राहते व तिची छिद्रेही शाबूत राहतात. वेगळी चूल म्हणजे तटबंदी नव्हे. आणि खुद्द ॲप-व्हीच्या सर्व्हर भागासाठी मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२६ हीच अखेरची मुदत मुक्रर केली, यातला विनोद वाचकांनी आपापल्या परीने घ्यावा.

मोठ्या कारखान्यांची अडचण निराळी. तेथे परवानेही असतात आणि पॅकेजेही बांधली जातात, परंतु ती बांधणारा इसम बहुधा कंत्राटाचा असतो; तो गेला की कोणते पॅकेज कोणत्या डिस्कवरून, कोणत्या आवृत्तीच्या विंडोजवर आणि कोणाच्या सांगण्यावरून तयार झाले, हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि नव्या माणसाला त्यात एक अक्षर बदलण्याचे धैर्य होत नाही. भांडारातील एका बोल्टाची आवक-जावक ज्या कारखान्यात सहीशिवाय होत नाही, तेथे तीनशे यंत्रांवर जाणाऱ्या प्रोग्रॅमची मात्र साधी नोंदवही असू नये, ही उदासीनता मला अनाकलनीय वाटते.

वसाहतीतील कारखानदारांच्या संघटनेने याची तजवीज करावी. परवाने ज्याचे त्याने घ्यावेत. परंतु पॅकेज बांधणारा एक जाणता, पगारी माणूस आणि प्रत्येक बांधणीपूर्वी कोऱ्या स्थितीस आणता येईल असे एक यंत्र सामायिक ठेवण्यास हरकत नसावी. त्याच्या वहीत मूळ डिस्क, आवृत्ती, तारीख, चाचणी घेणाऱ्या कारकुनाचा शेरा आणि पुनर्बांधणीची मुदत एवढे रकाने असले म्हणजे पुरे; आणि मुदत उलटलेले पॅकेज कोणाच्या सहीने काढून टाकावयाचे, त्याचा रकाना सर्वांत आधी आखून घ्यावा, कारण नवे चढविण्याचा हुकूम देणारे पुष्कळ भेटतात.