घामाची चाचणी कुणाची होते?

वस्तीतलं एखादं मूल सतत खोकतं. पोटभर खाऊनही वजन वाढत नाही, शौचाला तेलकट होतं. अंगणवाडीच्या वहीत ते 'कुपोषित' ठरतं. पुढे एक्स-रेवर डाग दिसतात आणि 'टीबी'चा शिक्का बसतो. बहुतेक वेळा हे शिक्के खरेच असतात, कारण भूक आणि टीबी व्यवस्थेनेच आपल्या वाट्याला घातलेत. पण याच शिक्क्यांच्या आड दुसरा आजार लपला, तर त्याला शोधायचं कुणी?

सिस्टिक फायब्रोसिस हा असा आजार आहे. सीएफटीआर नावाच्या जनुकात दोष असतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच मूल आजारी पडतं. फुफ्फुसातला कफ घट्ट, चिकट होतो, बाहेर पडत नाही. त्यात जंतू घर करतात आणि बुरशीही.

2021 मध्ये कोरोनानंतरच्या 'काळ्या बुरशी'ची बातमी घराघरात पोचली होती. ही बुरशी वेगळी. हिचं नाव ॲस्परजिलस फ्युमिगेटस. ओला कचरा, खताचे ढीग, भिजलेला कडबा, ओल आलेल्या भिंती ही तिची ठिकाणं. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण आपण सगळेच श्वासातून घेतो. निरोगी फुफ्फुस ते बाहेर टाकतं. या रुग्णांच्या कफात ते अडकून राहतात. काहींच्या शरीरात त्याविरुद्ध तीव्र ॲलर्जी उसळते. तिला डॉक्टर 'एबीपीए' म्हणतात. धाप लागते, ताप येतो, तपकिरी गुठळ्यांचा कफ पडतो, एक्स-रेवर डाग उमटतात. वेळेत ओळखलं नाही तर श्वासनलिका कायमच्या खराब होतात.

आता ही लक्षणं पुन्हा वाचा. टीबीसारखीच वाटतात ना? एबीपीएच्या रुग्णांना टीबीच्या गोळ्या दिल्या जातात, हे चंदीगडच्या पीजीआयमधले डॉक्टर अनेक वर्षं लिहीत आले आहेत. शिवाय टीबीवरचं रिफाम्पिसिन हे बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलचं रक्तातलं प्रमाण खाली आणतं. म्हणजे चुकीचं निदान बरोबर औषधालाही निकामी करतं. (म्हणून कुणी टीबीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांना प्रश्न विचारावा.)

मग शोध का होत नाही? कारण 'हा गोऱ्यांचा आजार आहे' ही समजूत वैद्यकशास्त्रात खोल रुजली. अमेरिकेतसुद्धा कृष्णवर्णीय मुलांचं निदान उशिरा होतं, कारण तिथल्या जनुकचाचण्या मुख्यतः गोऱ्यांमध्ये आढळणाऱ्या दोषांवर बेतलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये 2007 पासून प्रत्येक नवजात बाळाची या आजारासाठी तपासणी होते. आपल्याकडे अशी देशव्यापी तपासणी नाही. शोधायचं नाही, म्हणून सापडत नाही. सापडत नाही, म्हणून शोधायची गरज नाही. जातिनिहाय जनगणना टाळणाऱ्यांचा युक्तिवाद आठवतो का? जो मोजला जात नाही, त्याचा हक्कही नाही.

बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात मांडलं की जातीतल्या जातीत विवाह हेच जातीचं मूळ लक्षण आहे. 2017 मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात हैदराबादच्या सीसीएमबीचे शास्त्रज्ञ सहभागी होते. शतकानुशतकांच्या अशा विवाहांमुळे भारतातल्या अनेक समूहांत सुप्त जनुकीय आजारांचा धोका वाढलेला आहे, असं त्यातून दिसतं. जात माणसाच्या मनात असते तशी ती रक्तातही हिशोब ठेवते. हा दोष कुठल्या एका जातीचा नाही. तो जातिव्यवस्थेचा आहे. त्यामुळे 'हा आपल्याकडचा आजार नाही' असं म्हणायची सोय या देशात कुणालाच नाही.

आणि औषध? 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हर्टेक्स कंपनीचं ट्रायकाफ्टा अनेक रुग्णांचा कफ पातळ करतं, आयुष्य बदलून टाकतं. त्याची तिथली किंमत वर्षाला 3 लाख डॉलरहून जास्त, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. आपल्या दुर्मीळ आजार धोरणात मदतीची मर्यादा 50 लाख. या किमतीने ते तीन महिनेही पुरत नाहीत, आणि औषध जन्मभर घ्यायचं असतं. 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नेक्साव्हर या कर्करोगाच्या औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला. महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,880 रुपयांवर आला. कायदा तोच आहे. 2023 मध्ये भारतातल्या रुग्णांच्या कुटुंबांनी ट्रायकाफ्टाच्या पेटंटबाबतही सरकारकडे दाद मागितली. त्यांच्यामागे चळवळ उभी आहे का, हा प्रश्न आपल्यासाठी आहे.

महागड्या औषधाआधीही खूप काही करता येतं. या आजाराचं निदान घामावरून होतं, कारण रुग्णाचा घाम जास्त खारट असतो. घामातलं क्लोराईड मोजण्याची ही पद्धत 1959 पासून जगाला माहीत आहे. म्हणून प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात घामाची चाचणी हवी. टीबीचा जंतू न सापडता औषधं सुरू झाली आणि गुण येत नसेल, तर बुरशीची आणि आयजीईची तपासणी मोफत हवी. इट्राकोनॅझोल जिल्हा रुग्णालयात मिळायला हवं. संविधानाचं कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं.

कार्यकर्त्यांनो, पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब मोजून थांबू नका. ज्या मुलाला टीबीचे दोन कोर्स होऊनही खोकला आहे, त्याची फाईल उघडा. ती घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा, तपासणी का झाली नाही ते लेखी विचारा. आपल्या घामावर हा देश उभा राहिला. त्या घामाची एक चाचणी करायला त्याच्याकडे वेळ नाही, हे आपण किती दिवस ऐकून घ्यायचं?

जय भीम!